मागल्या पानापासून

वर्तमानपत्र मी मागल्या पानापासून वाचते. ही गोष्ट घराबाहेर मी आजवर फारशी कुणाला सांगितलेली नाही. जिच्या नावावर चार कादंबऱ्या आहेत आणि गेली पंचवीस वर्षे जी मुलांना शुद्धलेखन शिकवीत आहे, अशा बाईने सकाळी उठून अग्रलेख वाचावा, निदान रविवारची पुरवणी तरी वाचावी, अशी लोकांची अपेक्षा असते. ती चुकीची आहे असे नाही. पण माझे डोळे आधी जातात ते खेळांच्या पानाकडे. कोण जिंकले, कोण हरले, कोणाला संघातून वगळले आणि कोणाचा गुडघा दुखावला, एवढे कळल्याशिवाय मला चहाची चव लागत नाही. आमच्या घरी पेपर तिघांत वाटला जातो. यजमान बाजारभावाचे पान घेतात, मुलगा राशिभविष्य चोरून वाचतो आणि मागचे पान माझे. त्यावर हक्क सांगणारा एकच माणूस आहे, तो म्हणजे माझे वडील, आबा. रोज सकाळी साडेसातला ते हातात काठी घेऊन आमच्या ओटीवर हजर असतात, आणि मग आम्हां बापलेकींचा जो वाद सुरू होतो तो शाळेची घंटा होईपर्यंत चालतो.

हे व्यसन मला लागले कसे, तेही सांगते. आबा एस.टी.त कंडक्टर होते. कऱ्हाड, कोल्हापूर, सांगली, मिरज अशा त्यांच्या फेऱ्या. आमच्या घरी पेपर विकत घेण्याची ऐपत नव्हती आणि गरजही नव्हती, कारण प्रवासी उतरताना बाकावर पेपर टाकून जात. रात्री शेवटची फेरी आटोपली की आबा गाडी झाडून घेताना ते पेपर उचलीत आणि घरी आणीत. बातम्या एक दिवस शिळ्या असत, पण आमच्या गावात दुसरे तरी काय ताजे येत होते?

आबा कंदिलाजवळ भिंतीला टेकून बसत आणि दोन्ही हातांनी पेपर उभा धरून पहिले पान वाचीत. त्यांच्या मताने देशाचे आधी, खेळाचे नंतर. मी समोर मांडी घालून बसलेली असे. माझ्या तोंडासमोर येई ते अर्थातच मागचे पान. मला अक्षरओळख शाळेत झाली हे खरे, पण भरभर वाचायला मी शिकले ते त्या उभ्या धरलेल्या कागदावर. आबा तिकडून पंतप्रधानांचे भाषण वाचीत असायचे, आणि मी इकडून मध्येच ओरडायची, "आबा, मुंबई जिंकली!" की पेपर खाली यायचा आणि त्यावरून आबांचे रागावलेले डोळे दिसायचे. "निकाल सांगू नकोस म्हणून किती वेळा सांगितलं तुला? पान उलटीपर्यंत दम धरवत नाही?"

माझ्या कादंबऱ्यांत पुढे काय होणार हे मी पहिल्याच प्रकरणात सांगून टाकते, असा टीकाकारांचा आक्षेप आहे. त्याचे मूळ हे असे आहे.

आबांची खेळांविषयीची मते तीन, आणि ती गेल्या चाळीस वर्षांत बदललेली नाहीत. पहिले मत असे, की जगातल्या सगळ्या निवड समित्या आंधळ्या असतात. या मताच्या पुष्ट्यर्थ ते भाऊसाहेब निंबाळकरांची गोष्ट सांगतात. १९४८ च्या डिसेंबरात पुण्यात महाराष्ट्राचा काठियावाडशी रणजी सामना झाला. कोल्हापूरचे निंबाळकर ४४३ धावांवर नाबाद होते. ब्रॅडमनचा उच्चांक ४५२ चा. म्हणजे अवघ्या दहा धावा केल्या की तो मोडणार! पण जेवणाच्या सुट्टीत काठियावाडच्या कर्णधाराने सामनाच सोडून दिला आणि संघ घेऊन तो चालता झाला. रणजी स्पर्धेत त्या ४४३ धावांच्या वर आजपर्यंत कुणी गेलेले नाही. आणि एवढा मोठा डाव खेळणाऱ्या माणसाला उभ्या आयुष्यात एकही अधिकृत कसोटी सामना खेळायला मिळाला नाही. आबांचा जन्म त्याच सालचा. त्यामुळे हा अन्याय आपल्या जन्मकुंडलीतच लिहिला गेला आहे, अशा आवाजात ते ही गोष्ट सांगतात. शेवटचे वाक्य ठरलेले असते. "माणूस समोर उभा होता गं. यांना दिसला न्हाई."

दुसरे मत असे, की खेळ मातीचा; गादीवर आला की त्याचा जीव गेला. कबड्डी असो, कुस्ती असो की खो-खो, पायाला माती लागली पाहिजे. २०१८ साली जाकार्ताच्या आशियाई स्पर्धांत आपले पुरुष कबड्डीत इराणकडून उपांत्य फेरीत हरले आणि महिला अंतिम फेरीत, तेव्हा आबा दोन दिवस नीट जेवले नाहीत. सारा दोष त्यांनी मॅटला दिला. मी म्हटले, "आबा, मॅट दोघांनाही सारखीच होती की." आणि त्या इराणी मुलींना शिकवणाऱ्या शैलजा जैन आपल्या नाशिकच्या आहेत, हे मी त्यांना पेपरातून वाचून दाखवले. आबा थोडा वेळ गप्प बसले, मग काठी आपटून म्हणाले, "म्हणजे शेवटी निवड समितीच!" त्यांच्या पहिल्या मताला दुसऱ्या मताचा असा नेहमी आधार मिळत असतो. पुढे हांगझोच्या स्पर्धांत, २०२३ साली, दोन्ही सुवर्णपदके परत आली. महिलांचा अंतिम सामना तर एका गुणाने जिंकला. त्या दिवशी मात्र मॅटबद्दल आबा चकार शब्द बोलले नाहीत.

तिसरे मत लिलावाचे. २००८ साली आयपीएल आली, २०१४ साली प्रो कबड्डी आली, आणि खेळाडूंचा लिलाव हा शब्द पेपरात रुळला. आबांना तो सोसवत नाही. "लिलाव गुळाचा हुतो, बैलाचा हुतो. माणसाचा हुतो व्हय?" असे ते विचारतात. इथे मात्र माझे त्यांच्याशी बिलकूल पटत नाही. २०२३ साली महिलांच्या लीगसाठी पहिला लिलाव झाला आणि आमच्या शेजारच्या सांगलीत वाढलेल्या स्मृती मानधनाला ३ कोटी ४० लाख रुपये मिळाले. त्या सकाळी मी शाळेत पेढे वाटले. आबा म्हणाले, "बाजारात उभी केली पोरगी." मी म्हटले, "आबा, उभी राहिली म्हणून तिची किंमत तरी कळली. आपल्याकडच्या पोरींची फुकट जाते, ती कुठल्या पेपरात छापून येते?"

हे मी बोलून गेले खरे. पण बोलल्यानंतर ओटीवर जी शांतता पसरली, तिचा अर्थ आम्हां दोघांनाही ठाऊक होता. तोच आता सांगायचा आहे.

मी शाळेत खो-खो खेळत असे. आता माझ्याकडे पाहून कुणाचा विश्वास बसणार नाही. पण १९९७ साली जिल्ह्याच्या संघात माझी निवड झाली होती. मी खांबाजवळच्या पाटीवर बसायची. पळती मुलगी खांबाला वळसा घालू लागली की खो मिळताच उठायचे आणि तिला वळू द्यायचे नाही, एवढे एकच काम मला येत होते आणि ते मला फार चांगले येत होते. त्याच वर्षी मी मॅट्रिक झाले. शाळेत तेव्हा त्याला दहावी म्हणू लागले होते, पण आबा मॅट्रिकच म्हणत, म्हणून मीही मॅट्रिकच झाले.

जूनमध्ये एका संध्याकाळी तालुक्याच्या कॉलेजातले क्रीडाशिक्षक आमच्या घरी आले. त्यांना मुलींचा संघ बांधायचा होता. फी माफ होणार होती, खेळाचे बूट कॉलेज देणार होते. मी दाराआड उभी राहून ऐकत होते. आबांना पाहुणा असा मिळाला होता की विचारू नका! दोघे तासभर खेळांवर बोलत राहिले. निंबाळकर झाले, मग खाशाबा जाधव निघाले. खाशाबा म्हणजे कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे, आमच्या पंचक्रोशीचे दैवत. १९५२ साली हेलसिंकीला त्यांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताला वैयक्तिक खेळातले पहिले ऑलिंपिक पदक मिळाले ते आमच्या या गावच्या माणसाच्या हातून. त्यांची मिरवणूक निघाली तेव्हा शंभरावर बैलगाड्या होत्या. आबा चार वर्षांचे होते आणि आपण ती आजोबांच्या खांद्यावर बसून पाहिली असे ते सांगतात. त्या सायंकाळी आबांनी पाहुण्यांना ऐकवले, की खाशाबांच्या परदेशगमनाला पैसे कमी पडत होते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचे घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. "याला म्हणतात माणूस!" असे म्हणताना आबांचे डोळे भरून आले. क्रीडाशिक्षकांचेही भरून आले. दाराआड माझेही.

मग पाहुण्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि विचारले, "मग मुलीचं काय करू या?"

आबा म्हणाले, "पोरीचं तेवढं जमायचं न्हाई."

कारणे त्यांच्याजवळ होती. थोरल्या भावाला डिप्लोमाला घातले होते, त्याचा खर्च होता. कॉलेज चौदा किलोमीटर लांब. सराव आटोपून संध्याकाळी परत यायचे म्हणजे अंधार व्हायचा. आणि मुलगी अर्ध्या चड्डीत मैदानावर पळते, हे लग्न ठरवताना कुणीतरी काढणारच. यांतले एकही कारण खोटे नव्हते. पण ज्या माणसाच्या हातात एस.टी.ची घंटी होती, त्याच्या मुलीला संध्याकाळची गाडी मिळत नव्हती, हे मला त्या वयातही चमत्कारिक वाटले. मी काही बोलले नाही. घरात त्या काळी मुलींनी बोलायची पद्धत नव्हती. मी गावातल्या बालवाडीवर लागले, पुढे संस्थेच्या प्राथमिक वर्गांवर आले, लग्न झाले, रात्री निजानीज झाल्यावर कादंबऱ्या लिहू लागले. आयुष्य वाईट गेले असे मुळीच नाही. फक्त कॉलेज राहिले, ते राहिलेच.

म्हणूनच की काय, कॉलेजच्या खेळांच्या बातम्या मी फार बारकाईने वाचते. शिवाजी विद्यापीठाच्या क्षेत्रातल्या कितीतरी कॉलेजांच्या इमारती मी पाहिलेल्या नाहीत. पण कोणाचा कबड्डीचा संघ चढाईत बलवान आहे, कोणाच्या मुली खो-खोत दर वर्षी उपांत्य फेरीत अडखळतात, हे मला तोंडपाठ आहे. आणि या बातम्यांविषयी माझे एक ठाम मत आहे. आयपीएलमधल्या एखाद्या खेळाडूने केस कसे कापले याला तीन रकाने मिळतात आणि आंतरमहाविद्यालयीन खो-खोला कोपऱ्यात दोन ओळी. त्यांतही मुलांच्या संघातले चार खेळाडू नावानिशी येतात, आणि शेवटी एक वाक्य असते : "मुलींमध्येही याच महाविद्यालयाने विजेतेपद पटकावले." हा जो 'मुलींमध्येही'मधला 'ही' आहे ना, तो मला खड्यासारखा लागतो. बारा मुली वर्षभर पहाटे पाचला उठल्या, घोटे सुजवून घेतले, घरी बोलणी खाल्ली, आणि त्या सगळ्यांची मिळून बातमी काय? तर एक शब्दयोगी अव्यय! व्याकरणाच्या बाईला याहून मोठे दुःख नाही. एका दैनिकाला याविषयी मी पत्रही लिहिले होते. ते छापून आले, पण 'ही'वरचा परिच्छेद जागेअभावी गाळून.

आता या वर्षाची गोष्ट. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. विश्वचषक! खो-खोचा! १९ तारखेला रविवारी महिलांचा अंतिम सामना भारत आणि नेपाळ यांच्यात होता. कर्णधार होती आपल्या महाराष्ट्राची प्रियांका इंगळे. आबांना मी सकाळीच बजावले होते, "मॅटवर आहे, माती माती करायची नाही." ते आले आणि टीव्हीसमोर ताठ बसले. आपल्या मुली ७८ विरुद्ध ४० अशा जिंकल्या. पाठोपाठ मुलांनीही नेपाळला ५४-३६ असे हरवले. पण आमच्या घरी आरडाओरडा असा झालाच नाही. मुली चषक उचलत होत्या आणि मी पदर तोंडाला लावून बसले होते. आबा पडद्याकडे बघतच म्हणाले,

"ती खांबाजवळची पोरगी उठती, तशी तू उठायचीस."

मला काही कळेना. आबा माझ्या एकाही सामन्याला आलेले नव्हते. त्यांची ड्युटी असे. मी म्हटले, "तुम्ही कुठं पाहिलंत मला उठताना?"

तेव्हा ते सांगू लागले. आमच्या शाळेचे मैदान रस्त्याला लागून होते. सामना असला की दुपारच्या फेरीला आबा ड्रायव्हरला म्हणत, जरा च्या घेऊ. फाट्यावर गाडी पाच मिनिटे थांबे. प्रवासी कुरकुरत. आबा चहा न घेताच कुंपणापाशी उभे राहत आणि पाच मिनिटांनी घंटी मारून निघून जात. "पाच मिंटांत जेवढं दिसंल तेवढं बघायचो. एकदा तू तीन जणी काढल्या हुत्यास एका दमात. त्या दिवशी गाडी धा मिंटं लेट झाली, मेमो मिळाला." एवढे सांगून ते उठले आणि काठी घेऊन चालू लागले. दारात थांबून एवढेच म्हणाले, "निकाल आधी सांगायचा नसतो, म्हणून बोललो न्हाई कधी."

अठ्ठावीस वर्षे या माणसावर मी मनातून रुसून होते. रुसवा त्या दिवशी गेला, असे म्हटले तर ते कादंबरीत शोभेल. खरे सांगायचे तर तो गेला नाही. उलट थोडा वाढला. इतके दिसत होते, तर मग नाही का म्हणाले? आंधळ्या निवड समितीला क्षमा करता येते. पण ज्या समितीला स्वच्छ दिसत होते आणि तरीही तिने वगळले, तिचे काय करायचे?

याचे उत्तर जूनमध्ये मिळाले. आमच्या शाळेतून दहावी झालेली एक मुलगी आहे. तिचे नाव मी इथे लिहीत नाही. खेळाडूचे नाव पेपरात यावे, बाईंच्या लेखात नव्हे. खो-खोत ती अशी पळते की गडी तिला शिवायला जावा आणि त्याच्या हाताला नुसता वारा लागावा. तिला तालुक्याच्या कॉलेजचे बोलावणे आले. आणि तिचे वडील, जे उसाच्या ट्रॅक्टरवर असतात, म्हणाले, "पोरीचं न्हाई जमायचं." तेच शब्द! मी दोनदा जाऊन आले. सांगून पाहिले, समजावून पाहिले, स्मृती मानधनाचे ३ कोटी ४० लाखही सांगून पाहिले. ते नम्रपणे म्हणत, "बाई, तुमचं खरं हाय. पर संध्याकाळी अंधार हुतो."

तिसऱ्या खेपेला मी आबांना म्हटले, "तुम्ही येता का?" आबांनी माझ्याकडे नुसते पाहिले आणि टोपी घातली.

तिथे गेल्यावर चहा आला आणि आबांनी सुरुवात केली ती निंबाळकरांपासून. माझ्या पोटात खड्डा पडला. मग खाशाबा आले, बैलगाड्या आल्या, खर्डेकरांचे गहाण घर आले. ट्रॅक्टरवाले पाहुणे रंगून ऐकत होते. दाराआड ती पोरगी उभी होती. मला वाटले, देवा, हे सगळे मी एकदा ऐकलेले आहे. आणि याचा शेवटही मला ठाऊक आहे.

आबांनी कप खाली ठेवला. म्हणाले, "पाव्हणं, निवड समितीवर मी लई बोलतो. चाळीस वर्सं बोलतोय. पर एकदा माझ्या घरातबी एक समिती बसली हुती. मेंबर मी एकटाच. समोर खेळाडू उभा. जिल्ह्यात तसा दुसरा न्हवता, हे मी सोताच्या डोळ्यानं बघितल्यालं. आन् मी वगळला. का? तर संध्याकाळी अंधार हुतो. मी कंडक्टर माणूस, सहाची गाडी माझ्याच डेपोची." ते थोडे थांबले. माझ्याकडे त्यांनी पाहिले नाही. "निंबाळकरांच्या दहाच धावा ऱ्हायल्या, त्याची हळहळ अजून हाय लोकांना. माझ्या घरातल्या खेळाडूच्या किती ऱ्हायल्या, त्याचा हिशेबच न्हाई. तुम्ही माझ्यावानी करू नगा."

नंतर त्यांनी खिशातून कागद काढला. त्यावर त्यांनी गाड्यांचे वेळापत्रक लिहून आणले होते. मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून बारावीपर्यंत एस.टी.चा पास फुकट असतो, हे त्यांनी समजावून सांगितले. संध्याकाळच्या गाडीच्या कंडक्टरला आपण सांगून ठेवले आहे, पोरगी चढल्याशिवाय तो घंटी मारणार नाही, हेही सांगितले. सगळे झाल्यावर ट्रॅक्टरवाले म्हणाले, "बघतो." आमच्याकडे 'बघतो'चा अर्थ बहुधा 'नाही' असा असतो. आम्ही उठलो. वाटेत आम्ही दोघे काहीच बोललो नाही. बांधावर चिखल होता, म्हणून मी आबांचा हात धरला. तो त्यांनी घर येईपर्यंत सोडला नाही.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात सकाळी शाळेत जाताना मला ती पोरगी फाट्यावर दिसली. नवे दप्तर, दोन वेण्या, आणि हातात बूट. चिखलात खराब होऊ नयेत म्हणून काढलेले.

परवा तालुक्याच्या स्पर्धा झाल्या. एकोणीस वर्षांखालील. दुसऱ्या दिवशी सकाळी आबा ओटीवर पहिले पान वाचीत होते आणि मी, वयाला न शोभेशी, समोर बसून मागचे. मी ओरडले, "आबा, जिंकल्या!" पेपर खाली आला. "निकाल सांगू नकोस म्हणून..." पण त्यांना पुढचे बोलवेना.

तेवढ्यात फाटकाशी ट्रॅक्टर थांबला. पाहुणे उतरून आत आले. पायताण बाहेर काढून, अवघडून म्हणाले, "बाई, पेपरात आलंय म्हणं. कुठल्या पानावर?"

"मागल्या," मी म्हटले आणि ती जागा बोटाने दाखवली. त्यांनी एकेक अक्षर लावीत वाचले : "मुलींमध्येही याच महाविद्यालयाने विजेतेपद पटकावले." मग पेपर उलटा केला, पुन्हा सुलटा केला, वरचे वाचले, खालचे वाचले.

"आन् पोरीचं नाव कुठं हाय?"

"नाव देत नाहीत ते."

पाहुण्यांचा चेहरा लालबुंद झाला. "देत न्हाईत म्हंजे? आठ गडी काढल्यात तिनं! त्या पोरांची नावं छापल्यात की चार-चार! ह्या पेपरवाल्यांना खेळातलं काय कळतंय का न्हाई?"

आबांनी शांतपणे काठी बाजूला ठेवली, सतरंजीवर सरकून जागा केली आणि म्हणाले, "बसा पाव्हणं. ह्या विषयावर आमच्या बाईंचं एक मत हाय, ते ऐकून घ्या. च्या टाक गं पोरी, तीन कप."